संपलेल्या गरुडाची नजर

पेंढाकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते खांद्यापर्यंत एका गरुडाच्या पोटात होते. "दार लावून घ्या, पिसं उडतात," असा आवाज आला. तो गरुडाच्या चोचीतूनच आला, असं मी पुढे कित्येक वर्षं शपथेवर सांगत असे.

संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना उभं करायचं, हे काकांचं काम. पाट्या लिहायचं माझं. एकदा साहेबांनी हुकूम सोडला, एका काचेआड दोन गरुड शेजारी शेजारी हवेत. एक आजही आकाशात फिरणाऱ्या जातीचा, दुसरा शेकडो वर्षांपूर्वी नामशेष झालेला. पहिला सोपा होता. दुसऱ्याची फक्त हाडं ठाऊक. त्यांवरून एवढं कळत होतं की तो आजच्यापेक्षा चांगलाच वजनदार, पंख मात्र अंगाच्या मानानं आखूड. ज्या मोठाल्या पक्ष्यांवर तो जगायचा ते माणसांनी संपवले, तसा तोही संपला.

"अंग जमेल हो," काका म्हणाले, "पण नजर कुठून आणू? हाडांना नजर नसते."

नजर त्यांनी घरून आणली. काका ब्रह्मचारी, चहा करायला गेले तर पातेलं जाळून परत येणारे. स्वयंपाकघर थोरल्या अक्काच्या ताब्यात. ताटात भाजी तशीच टाकून उठणाऱ्या भावाकडे अक्का जशी बघायची, ती नजर गरुडात तंतोतंत उतरली. मी पाहिलं आणि नकळत पाय पुसून आत आलो.

"काका, अक्कांनी ओळखलं तर?"

"तर ती लेकाकडे निघून जाईल. मग माझं या गरुडासारखंच."

उद्घाटनाला अक्का आली. काका खांबाआड. अक्का काचेपुढे उभी राहिली. ती आणि गरुड एकमेकांकडे बघत राहिले. दोघांपैकी कुणीच पापणी हलवेना.

"हा संपलेला का रे?" तिनं विचारलं.

"हो," खांब म्हणाला.

"अगदी आपले बाबा. मिशा तेवढ्या राहिल्या." मग तिनं दुसऱ्या गरुडाकडे मान वळवली. "आणि हा तू. जेवायला काय आहे म्हणून बघतोय."

काकांनी सुटकेचा असा निःश्वास सोडला, की मध्ये काच होती म्हणून पिसं वाचली.

महिन्याभरात सुनेला दिवस गेल्याचं कळलं, अक्का लेकाकडे गेली आणि तिकडचीच झाली. काका आता कँटीनमध्ये जेवतात. भाजी टाकत नाहीत.