पायलीभर ज्वारी आणि वर्षभराची सुई

धुरपताबाई आमच्या सरकारी दवाखान्यात आया होती. खरं सांगायचं तर दवाखानाच तिचा होता. डॉक्टर बदलून जायचे, ती तिथंच. कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा खरूज लपवतो, हे सगळं तिला ठाऊक. गावची खबर ठेवणाऱ्या माझ्याही आधी, आणि हे मी सहसा कबूल करत नाही.

दुष्काळ सरल्यानंतरच्या सुगीत जहांगीरशेठ तेलवाल्यानं एक टूम काढली. घरटी पायलीभर ज्वारी जमा करायची. ती विकून वसमतच्या एका खाजगी डॉक्टरला दर गुरुवारी आणायचं. ज्यानं ज्वारी दिली, त्याच्या घरच्यांना तो डॉक्टर शेठच्या पडवीत वर्षभर तपासणार. आजारी पडलात तर सोय. नाही पडलात तर तुमची ज्वारी दुसऱ्या आजाऱ्याच्या कामी आली.

"सरकारी फुकटात काय मिळतं? घरून बाटली न्या अन् लाल पाणी आणा," शेठ म्हणायचा. "माझ्या डॉक्टरकडं सुई हाय, सुई!"

सुई म्हटल्यावर गाव पाघळलं. शंभरावर घरांनी ज्वारी घातली. सरकारी दवाखाना ओस पडला. तेवढ्यात निरोप आला, की परभणीहून साहेब तपासणीला येणार. रोगीच नसतील तर दवाखाना वारंगा फाट्याला हलवणार.

धुरपताबाई तडक शेठकडं गेली. "शेठ, ज्यांच्या घरी पायली न्हाई, त्यांनी काहून फाट्यापतूर कण्हत जायचं?"

"त्यांनी बी द्यावी की."

"खाऊन उरली असती तर दिली असती."

शेठ माणूस वाईट नव्हता. आपल्या टुमेच्या प्रेमात पडला होता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाईनं विहिरीवर रुक्माबाईला गाठलं. "पायली दिली ना? मंग सुया किती घेतल्या?"

"एक बी न्हाई. घरात कोणी आजारीच न्हाई."

"अगं, न्हाव्याला बलुतं देती, तवा तो एकच डोकं करतो व्हय? आमच्या वस्तीनं बलुतं घेणं सोडलं, पर त्याची रीत न्हाई इसरलो. लेकरं सोडून घरातल्या समद्यांची सुई वसूल कर!"

रुक्माबाईला सांगितलं म्हणजे दवंडीच पिटली. गुरुवारी पडवीत ठणठणीत माणसांची ही गर्दी!

"अहो, आजार असेल तरच सुई," डॉक्टर विनवत राहिला.

"मंग ज्वारी परत द्या," सोनाजी गरजला. तो पैलवान, उभ्या जन्मात शिंकलेला नव्हता.

शेवटी डॉक्टरनं घाम पुसत सगळ्यांना ताकदीची सुई टोचली. शनिवारपर्यंत अर्ध्या गावाचे दंड सुजले. डॉक्टर गुरुवारशिवाय यायचा नाही. मग जायचं कुठं? सगळे सरकारी दवाखान्यात.

साहेब आले तर आत पाय ठेवायला जागा नाही.

"ही कसली साथ?"

"ज्वारीची, साहेब," धुरपताबाई म्हणाली.

साहेबांना उलगडा झाला नाही, पण गर्दी दिसत होती. त्यांनी लिहिलं, दवाखाना हलवू नये. वसमतचा डॉक्टर काही पुन्हा फिरकला नाही. शेठ पदरची ज्वारी घरोघर परत करून संध्याकाळी दंड धरून दवाखान्यात आला.

"बाई, बराबर बुडवलं तुमी मला."

"सुई म्या टोचली व्हय? हात ढिला सोडा." तिनं गरम फडकं दाबलं. शेठ कळवळला.

"हितं पायली लागत न्हाई, शेठ. कवाबी या."

शेठनं मान खाली घालून दुसराही दंड पुढं केला. टूम त्याची, त्यानं दोन घेतल्या होत्या.