पोटातला आवाज

कराटेचा एक ठोसाही ज्यांनी आयुष्यात मारलेला नाही, अशा माणसांमध्ये माझे साडू हे जगातले सगळ्यात मोठे कराटेपटू आहेत, याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही. ते जळगावच्या एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते. यंत्रांच्या घरघराटात उभी हयात गेल्यामुळे त्यांचे कान मंद झाले आहेत, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार अशी त्यांची समजूत असल्यामुळे ते कोणाशीही बोलतात ते यंत्राच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसे. मी शाळेत नोकरी लागून पहिल्यांदा जळगावला आलो तेव्हा पिंप्राळ्यात स्वतःच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या त्यांनीच मला मिळवून दिल्या. घरमालकाला ते म्हणाले, "हे आमचे साडू. गुरुजी आहेत. यांच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, हे बी.ए. झाले." हे वाक्य गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेलं, आणि त्यानंतर माझी ओळख करून द्यायची गरज कोणाला पडली नाही. मी संकोचाने जमिनीत गेलो होतो. पण माझ्या बी.ए.चा इतका मोठ्याने आनंद माझ्या बापालाही करता आला नव्हता, हे मी विसरलेलो नाही.

त्यांच्या आयुष्यात कराटे आलं ते जयमुळे. जय त्यांचा मोठा मुलगा. शाळेच्या रिक्षात त्याला रोज कोणीतरी खिडकीजवळून उठवायचं, म्हणून साडूंनी त्याला कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर संध्याकाळी भरणाऱ्या क्लासला घातलं. स्कूटरवर पुढे उभी राहून धाकटी राणूही यायची. ती ओळीच्या शेवटी उभी राहून बघून बघून हातपाय हलवू लागली, तेव्हा कराटेच्या सरांनी तिलाही घेतलं. आणि या दोघांच्या मागे, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, पाण्याच्या बाटल्या आणि केळी मांडीवर घेऊन, साडूंनी आपलं शिक्षण सुरू केलं. मुलं काता करायची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकामागून एक हालचाली करायची, तेव्हा साडूंचे गुडघे बसल्या जागी त्याच क्रमाने हलत. काही दिवसांनी हे शिक्षण झोपेतही चालू झालं. माझ्या मेहुणीने एका सकाळी आपली गादी उचलून शेजारच्या खोलीत नेली आणि आमच्या हिला म्हणाली, "ताई, काल लाथ बसली. वर 'ओस' म्हणाले."

ओस म्हणजे कराटेतला नमस्कार. क्लासमध्ये शिरताना, निघताना, समोरच्याशी लढण्याआधी आणि लढून झाल्यावर हात मांड्यांना लावून कमरेत वाकायचं. ही गोष्ट साडूंच्या मनात अशी काही शिरली की त्यांनी घरालाच क्लास केलं. उंबरठ्याशी वाकल्याशिवाय आत यायचं नाही. दूधवाला काही दिवस हसला, मग वाकायला लागला. गॅसचं सिलिंडर आणणारा म्हणाला, "भाऊ, आम्ही खांद्यावर हे घेऊन तसेही वाकलेलेच असतो, तेवढं धरून घ्या." मुलांची भांडणं तर त्यांनी पूर्ण नियमांत बसवली. भांडायला मनाई नव्हती, पण आधी चपला ओळीत लावायच्या, मग बेल्ट बांधायचा, मग वाकायचं, मग भांडायचं. टीव्हीच्या रिमोटवरून पेटलेली भांडणं बेल्टची गाठ बसेपर्यंत विझून जात. शेवटी दोघं एकमेकांसमोर उभी राहत आणि आपण का वाकतो आहोत हे आठवत नसल्यासारखी एकमेकांकडे बघत. ते पाहताना मला वाटायचं, हे माणसाने फार सुंदर काहीतरी शोधून काढलं आहे, फक्त त्याला ते माहीत नाही.

मेहुणीची मात्र वेगळी तक्रार असे. एका उन्हाळ्यात तिने गच्चीवर बिबडे वाळत घातले होते. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, चांगले ताटाएवढे. क्लासमध्ये मोठी मुलं कौलं फोडतात हे जयने पाहिलं होतं. कौलं काही मिळेनात, तेव्हा त्याने आणि राणूने दोन विटांवर एकेक बिबडा ठेवून हाताच्या कडेने फोडायला सुरुवात केली. मेहुणी वर गेली तेव्हा एका कोपऱ्यात फक्त साबूत बिबड्यांची एक लाजिरवाणी चळत उरली होती. तिच्या आवाजाने साडू धावत आले. त्यांनी एक तुकडा उचलून उन्हात धरला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "पण हात सरळ आला आहे. बरोबर मधोमध फुटलाय." त्या वर्षी आम्हा सगळ्या नातेवाइकांना बिबडे अर्धे अर्धे मिळाले, आणि प्रत्येकाच्या घरी साडूंनी स्वतः जाऊन सांगितलं की मोठा तुकडा जयचा आणि नीट तुकडा राणूचा.

राणूचं सगळंच नीट होतं. पाय जिथे पडायला हवा तिथे पडायचा, हात जिथे थांबायला हवा तिथे थांबायचा. फक्त एक गोष्ट नव्हती. ठोसा मारताना पोटातून एक आवाज काढायचा असतो, त्याला किआई म्हणतात. राणू ठोसा मारायची आणि तोंड मिटून उभी राहायची. तशीही ती हळूच बोलायची, पाकळीवर पाय ठेवावा तशी. मुलांची पहिली परीक्षा झाली, जयला यलो बेल्ट मिळाला आणि राणूला मिळाला नाही. कराटेचे सर साडूंना म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी आहे भाऊ. पण किआई नाही तर बेल्ट नाही. पुढच्या वेळीही नाही जमलं तर तिला नव्या लहान मुलांत टाकावं लागेल." राणूने हे ऐकलं आणि घरी येऊन आईच्या कानात सांगितलं की मग ती क्लासलाच जाणार नाही. त्याच आठवड्यात मेहुणीने जयचा नवा बेल्ट दोघांच्या पांढऱ्या ड्रेसबरोबर मशीनमध्ये टाकला. बेल्ट कधी धुवायचा नसतो, शिकलेलं वाहून जातं, असं साडू ओरडून सांगत होते तोवर मशीन फिरायला लागली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही मुलं हळद लागल्यासारखी पिवळी होऊन क्लासला गेली. सगळे हसले. राणू हसली नाही. ती आपली पिवळी बाही बघत मला म्हणाली, "काका, बेल्ट नाही मिळाला, पण बाकीचं सगळं मिळालं."

त्यानंतर साडूंनी तिचा आवाज शोधायला जी मोहीम काढली, तिची आठवण पिंप्राळ्यात अजून काढली जाते. त्यांनी तिला सुट्टीच्या दिवशी मिलमध्ये नेलं. त्यांचं म्हणणं असं की इथे एवढा आवाज आहे की कोणाला काही ऐकू येत नाही, तेव्हा लाज कसली. सगळी यंत्रं चालू असताना राणू उभी राहिली, तिने ठोसा मारला आणि तोंडही उघडलं. आता ती ओरडली की नाही हे त्या मिलमध्ये कोणालाच कळायचा मार्ग नव्हता. साडू संध्याकाळपर्यंत प्रत्येक हमालाला विचारत होते, "तुला काही ऐकू आलं का?" मग एका रविवारी ते तिला आणि मला घेऊन नशिराबादच्या पुढे हायवेच्या कडेला गेले. ट्रक जवळ आला की ओरडायचं, असं ठरलं. राणू काही ओरडेना, म्हणून साडूंनी स्वतः पाय रोवून ओरडून दाखवलं. ट्रक करकचून थांबला, ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन धावत आला आणि विचारू लागला, "काय झालं भाऊ, कुठे लागलं?" साडूंनी त्याला वाकून ओस केलं. तो घाबरून निघून गेला.

परत येताना आम्ही एका कडुलिंबाखाली उसाच्या रसाला थांबलो. रसवाल्याचं घुंगरू वाजत होतं. मी राणूला जवळ घेऊन विचारलं, "का गं, ओरडत का नाहीस?" तिने पेल्यातला बर्फ बोटाने फिरवला. मग म्हणाली, "आपण आधी वाकतो ना काका. नमस्कार करतो. मग त्याच्यावर कसं ओरडायचं?"

साडूंनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाली?" मला ते त्यांना पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. त्यांनी ऐकलं, रसाचा पेला खाली ठेवला आणि स्कूटर सुरू केली. पिंप्राळ्यात स्कूटर लावताना ते मला त्यांच्या परीने हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, खरं सांगू? बेल्टचं जाऊ द्या. ती बोलते ते मला ऐकू येत नाही. दर वेळी मी 'काय?' विचारतो आणि ती म्हणते, 'काही नाही पप्पा.' एवढं एकच तरी ऐकू यावं मला."

पुढच्या परीक्षेच्या आधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, त्यामुळे आमची दोन्ही कुटुंबं धरणगावजवळच्या सासुरवाडीला गेली. आमरस झाला, सांजोऱ्या झाल्या. सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांनी मेहुणीला अहिराणीत विचारलं, "तुनी पोर बोलस नही का वं?" मेहुणी म्हणाली, "बोलस ना अक्का, हळू बोलस." संध्याकाळी बायका आणि मुली गौराई बोळवायला गावाबाहेरच्या नाल्यावर निघाल्या. नाल्याच्या पलीकडे दुसरं गाव. तिकडच्याही बायका त्याच वेळी काठावर येतात, आणि मग दोन्हीकडून एकमेकींच्या गावाचा मनसोक्त उद्धार चालतो. ही जुनी रीत आहे. पुरुषांनी तिथे जायचं नसतं, जावयांनी तर नाहीच. पण साडूंना राहवेना. त्यांनी मला ओढत नेलं आणि आम्ही दोघं बांधाआड, एका बाभळीच्या मागे, चोरासारखे बसलो.

ऊन उतरलं होतं. कोरड्या नाल्यातली वाळू सोनेरी झाली होती आणि दोन्ही काठांवरची लुगडी वाऱ्याने हलत होती. पलीकडून एक बाई ओरडली, "तुमना गावमा पानीना थेंब नही!" आमची मेहुणी, जिने मशीनमध्ये बेल्ट टाकल्याबद्दल नवऱ्याचं चार दिवस निमूट ऐकून घेतलं होतं, ती कमरेवर हात ठेवून पुढे झाली आणि उलट ओरडली, "तुमना गावना आंबा बठ्ठा आंबट!" बठ्ठा म्हणजे सगळा. साडू माझ्या दंडाला धरून म्हणाले, "ही आपलीच का?" मग पलीकडची ती बाई वाळू तुडवत सरळ इकडे आली आणि मेहुणीच्या गळ्यात पडली. दोघी धरणगावच्या शाळेत एका बाकावर बसायच्या. तिने पदराआडून एक डांगर, म्हणजे खरबूज, काढून मेहुणीच्या हातात दिलं, राणूचा गाल ओढला आणि पुन्हा पलीकडे जाऊन पहिल्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागली.

राणू हे सगळं बघत होती. एकदा आईकडे, एकदा त्या बाईकडे, एकदा डांगराकडे. मग ती बायकांच्या पायांमधून वाट काढत अगदी काठावर गेली. तिने पाय जुळवले, हात मांड्यांना लावले आणि पलीकडच्या अख्ख्या गावाला वाकून नमस्कार केला. कोणाला काही कळेना, म्हणून दोन्हीकडच्या बायका गप्प झाल्या. आणि त्या शांततेत राणूने ठोसा मारला.

तो आवाज कसा होता हे मला सांगता येणार नाही. एवढ्याशा पोटात तो इतके दिवस कुठे मावला होता कोण जाणे. बाभळीवरचे बगळे उडाले. पलीकडून कोणीतरी विचारलं, "कोनी पोर शे हाई?" मेहुणी म्हणाली, "मनी शे." मग त्या मैत्रिणीने पदर सावरून राणूसारखंच वाकून दाखवलं, तिच्या शेजारची वाकली, आणि हसत हसत पलीकडचा सगळा काठ वाकला. मी साडूंकडे पाहिलं. बाभळीच्या मागे, काट्यांत उभे राहून, तेही वाकले होते. ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. काटा लागला का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "ऐकलं. पहिल्याच वेळी ऐकलं."

बेल्ट मिळालाच. कराटेच्या सरांना उलट सांगावं लागलं की बेटा, थोडं हळू, समोर दवाखाना आहे.

पुढे मिलमालकाने धुळ्याला नवी मिल टाकली आणि साडूंना तिकडे पाठवलं. साडूंच्या त्या शेजारच्या घरात आता एक शांत नवरा-बायको राहतात. त्यांच्याकडे काही द्यायला गेलो की उंबरठ्याशी माझी कंबर आपोआप वाकते, आणि ते बिचारे काही न विचारता मलाही वाकून नमस्कार करतात. मागच्या महिन्यात धुळ्याला गेलो होतो. संध्याकाळी राणूने सायकल काढली, दारात बापाला ओस केलं आणि मैत्रिणींबरोबर क्लासला गेली. आता पालकांनी तिथे बसायचं नसतं, तसं तिनेच सांगितलंय. साडू ओट्यावर बसून राहिले. त्यांचे कान आता आणखी मंद झालेत, जवळ बसलेल्या मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागत होती. थोड्या वेळाने त्यांचे गुडघे हलायला लागले. मी बोलता बोलता थांबलो. क्लासचं मैदान दोन गल्ल्या पलीकडे होतं. वारा तिकडूनच येत होता, आणि त्यात रस्त्यावरच्या गाड्या होत्या, कोणाच्या तरी घरातला कुकर होता, पाखरं होती.

साडूंनी एकदम हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. मग डोळे मिटून म्हणाले, "ही. ही आपली."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.