कडू नसलेला बटाटा

ओब्दुलिया चाम्पी बाईंबद्दल चार शब्द लिहा, असं त्यांच्या विभागातल्या मंडळींनी सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कुस्कोच्या विद्यापीठाची गाडी मी चालवायचो आणि बाई वर्षानुवर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसायच्या, एवढीच आमची ओळख. त्यांचा वाढदिवससुद्धा मला माहीत नाही. प्रवासात त्या एक तर बटाट्यांबद्दल बोलत, नाहीतर झोपत.

बाई बटाट्यावर संशोधन करत. आमच्या डोंगरावर गोठवणाऱ्या थंडीत तग धरतो तो बटाटा कडू. तो उघड्यावर गोठवून, पायांनी तुडवून, वाळवून त्याचा चुन्यो करावा, तेव्हा कुठं पोटात जातो. चवीचा बटाटा थंडीत मरतो. बाईंना थंडीत जगेल आणि नुसता उकडून खाता येईल असा बटाटा हवा होता. एका फुलाचे पराग ब्रशनं दुसऱ्या फुलाला लावायचे आणि हंगामभर वाट बघायची, हेच त्यांचं काम. लिमातल्या एका मोठ्या संस्थेनं बोलावलं, तरी गेल्या नाहीत.

"कशासाठी हो एवढा खटाटोप?" मी एकदा धीर करून विचारलं.

"लहानपणी चुन्योचं सूप खाऊन खाऊन विटले होते, कासिमिरो. त्याचा सूड उगवतेय."

मग एका फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. डोंगरावर शेती करणाऱ्या सातुर्निनाआजीच्या वावरात बाईंनी लावलेल्या सगळ्या सऱ्या काळ्या पडल्या, एक सोडून. ती हिरवीगार. बाई तिथंच चिखलात बसून हसत सुटल्या. पण हा बटाटा कडू निघाला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. आणि चव बघायची सोय नव्हती, कारण बटाटे फार थोडे येणार होते. एकही न खाता सगळे बियाण्याला ठेवायचे, असं त्यांनी ठरवलं.

काढणीच्या दिवशी वाटेत दरड कोसळलेली. आम्ही पोचलो तोवर काढणी उरकली होती आणि वावरात ढेकळांची भट्टी रचून, तापवून, आतल्या बटाट्यांवर ढासळवलीसुद्धा होती. पिकातले सगळ्यात देखणे बटाटे पाहुण्यासाठी भाजायचे, ही आमच्याकडची रीतच.

"आजी, माझ्या सरीतले बटाटे कुठं ठेवलेत?" बाईंनी विचारलं.

"भट्टीत. पाहुणी तू, तुला काय किडके वाढू?"

"सगळे?"

"मोठे सगळे. बारके पडलेत तिकडे, डुकराला."

बाई धावल्या. डुक्कर बांधाला टेकून झोपलं होतं. त्याच्या नाकाजवळचे गोट्यांएवढे बटाटे त्यांनी हॅटमध्ये भरले.

"त्याच्या तोंडचा घास कशाला काढतेस, पोरी?" आजी म्हणाली. "बस आता. गार होतील."

बाईंनी बटाटा फोडला. वाफ आली. शेजारी मिरचीची वाटलेली चटणी होती, ताजं चीज होतं, पण त्यांनी कशाला हात लावला नाही. नुसताच तुकडा तोंडात टाकला आणि चावत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

"कच्चा राहिला का गं?" आजी कुरकुरली.

बाईंनी आणखी एक घास घेतला. मग दोन्ही डोळे पुसून म्हणाल्या, "चटणी द्या इकडे."

त्या दिवशी त्या इतकं जेवल्या की परतताना गाडीत बटाट्यांबद्दलही बोलल्या नाहीत, सरळ झोपल्या.

हॅटमधल्या बारक्यांचं बियाणं होत होत वरच्या गावांत पोचलं. बाई निवृत्त होऊन आरेकिपाला बहिणीकडे राहायला गेल्या आणि तिथंच वारल्या. त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. कुस्को सोडण्याआधी त्या माझ्या दारात आल्या होत्या. हातात बाजारातून आणलेली बटाट्यांची पिशवी.

"बायकोला द्या. आपलेच आहेत," त्या म्हणाल्या.

"किती वेळ उकडायचे, बाई?"

"बटाटे उकडतात तेवढाच वेळ, कासिमिरो."

"बरं," मी म्हणालो.