आबासाहेबांची दुर्बीण आणि माझी हाळी

पाखरं पाहायला मी जन्मात एकदाच गेलो. मी पोचलो आणि पाखरं गेली.

तेव्हा मी पहूरला मास्तर होतो. धुळ्याला दिलेल्या आमच्या अक्कानं तिथल्या कुसुमचं स्थळ आणलं. कुसुमचे वडील आबासाहेब पक्के पक्षिवेडे. (गळ्यातली दुर्बीण अंघोळीला तरी काढत असतील का, शंकाच!) कुसुमला आणि अक्काला घेऊन मुलगा पाहायला आले, ते येताच म्हणाले, "पोहे मागाहून. सकाळी नदीवर जाऊ. पाखरं ओळखता आली नाहीत तरी चालेल, पण तोंडातून आवाज नको. मला शांत जावई हवा."

कुसुमला मी ओझरतीच पाहिली होती. पण तेवढ्यावर जन्मभर मुका राहायला तयार होतो!

फाल्गुनातली सकाळ. आम्ही चौघं नदीकाठी. वाघूरवर धुकं इतकं, की पाणी वाहतंय की झोपलंय कळेना. काठाला दादर, म्हणजे आमची रब्बीची ज्वारी, कणसांनी वाकलेली. आबासाहेब कुजबुजत होते, "तो निळा खंड्या... शेपूट हलवतोय तो धोबी..." कुसुमनं दुर्बीण माझ्या हातात दिली. मी नदी सोडून तिच्याकडेच वळवली.

"दिसलं का काही?" आबासाहेब.

"दिसलं की! काळं, लांब शेपटीचं."

"वा! कोतवाल! नवख्याला एवढ्या धुक्यात सहसा दिसत नाही हो!"

(ती कुसुमची वेणी होती.)

मी हवेत तरंगत होतो. तेवढ्यात आबासाहेबांनी श्वास रोखला. गुलाबी भोरड्यांचा थवा! धुक्यातून आला, नदीवर वळला, पुन्हा वळला. मला तर स्वप्नच वाटलं. "हलू नका," ते पुटपुटले, "यांच्यासाठीच आलोय." थवा अलगद खाली उतरला.

दादरीवर!

आता काय सांगू? लहानपणापासून दर फाल्गुनात मी मचाणावर बसून दादर राखलेली. पोटातून हाळी निघाली, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ रेऽऽ!" आणि हातातला दुर्बिणीचा पट्टा हाताला थेट गोफणीसारखा लागला. दोन गरके घेतले आणि सोडली!

थवा उडाला. दुर्बीण डोहात.

"अरे, तुले काही अक्कल शे का?" अक्का किंचाळली. "बठ्ठा पाखरं उडाई दिनात!"

"मास्तर," आबासाहेब पाण्याकडे बघत म्हणाले, "विलायती होती ती."

"पण दादर वाचली, आबासाहेब!"

"शेत तुमचं?"

"नाही."

"मग कुणाचं?"

"माहीत नाही."

आबासाहेब मोटार स्टँडच्या दिशेनं चालू लागले. तेवढ्यात मागून कुसुमचा आवाज आला, "आबा, मला हेच स्थळ पसंत आहे."

आबासाहेब थांबले. लेकीपुढे त्यांचं कधी काही चाललंच नव्हतं.

हिला माझं भोळं मन दिसलं, अशी माझी पक्की समजूत. त्याच चैत्रात लग्न झालं. आठवड्याभरानं हिनं धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उडदाचे पापड वाळत घातले, मधोमध पाट मांडला आणि मला बसवलं. मी उत्साहानं छाती भरून घेतली.

"ओरडू नका हो," ती म्हणाली, "नुसते बसा. तेवढं पुरे."

आणि खरंच, संध्याकाळपर्यंत एक चिमणी फिरकली नाही!