काटा चढला की कुरडया आत

आमच्या साताऱ्याच्या घरात सोप्याच्या भिंतीला पस्तीस वर्षं एक घड्याळ होतं, पण ते वेळ सांगायचं नाही. उंची सांगायचं. आमचे मालक हवाई दलात मेकॅनिक होते. ज्या लढाऊ विमानावर त्यांनी हात काळे केले, ते भंगारात निघालं तेव्हा सोबत्यांनी त्यातलं हे यंत्र सागवानी फळीवर बसवून त्यांना निरोपाला दिलं. खाली विमानावरचीच पितळी पट्टी, तिच्यावर नंबर ठोकून उमटवलेला.

आता भिंत काय वर चढते होय? पण काटा हलायचा. हवेचा दाब उतरला की यंत्राला वाटतं आपण उंच चाललो, असं मालकांनी सांगितलं. म्हटलं, म्हणजे वळवाच्या आधी हे चढणार! तेव्हापासून कुरडया वाळत घातल्या की माझं एक लक्ष उन्हाकडं, एक काट्याकडं. आळीतल्या बायका गच्चीवरून ओरडायच्या, "काकू, इमान कुठवर चढलंय?"

खंडेनवमीला विळी, कोयता, मालकांचे पाने-पेचकस धुऊन पाटावर मांडायचे आणि मधोमध हे यंत्र. पितळ दिसलं की माझा हात काही थांबत नाही. चिंच-मीठ लावून पट्टी अशी घासायची, की तीत तोंड दिसावं. मग हळद-कुंकू.

गेल्या वर्षी मालकांनी सांगलीच्या एका छोट्या संग्रहालयाबद्दल ऐकलं. जुन्या लढाऊ विमानांच्या वस्तू तिथं जपून ठेवतात. म्हणाले, "माझ्या माघारी पोरं भंगारात घालतील गं. एकदा भंगारातनं वाचलंय ते." फोन केला तर तिथल्या बाई म्हणाल्या, जरूर आणा, पण कुठल्या विमानाचं ते कळायला नंबर पाहिजे. त्याशिवाय दालनात ठेवता येत नाही.

जुन्या लुगड्यात गुंडाळायला मी यंत्र खाली काढलं आणि पट्टी उजेडात धरली. आरशासारखी लख्ख. नंबर कुठाय? सगळा चिंचेनं खाल्ला!

यष्टीत सांगलीपर्यंत मी यंत्र मांडीवर घेऊन बसले, पण नंबर गेल्याचं मालकांना सांगितलं नाही. कराडला मालकांनी चहा विचारला, तोही नको म्हटलं. आता ते काय समजायचं ते समजले असतील.

संग्रहालयात काचेआड वैमानिकांच्या चामडी टोप्या, तुटका लाकडी पंखा, घडी घातलेली हवाई छत्री. बाईंनी पांढरे हातमोजे घालून पट्टी दिव्याखाली धरली. "काका, नंबर?"

मालकांनी पाढा म्हणावा तसा तोंडपाठ सांगितला.

"पण इथं तर काहीच..."

"मी घासला," मी म्हणून टाकलं. "दर खंडेनवमीला. चिंचेनं."

मालक म्हणाले, "म्हाईत हाय मला. धा वर्सं झाली."

"आवं, मग बोलला का न्हाई?"

"बोललो असतो तर तू पूजाच सोडली असतीस. माझ्या इमानाला दुसरं कोण ववाळतंय?"

एवढं बोलून त्यांनी खिशातून पेचकस काढला. पेच बरोबर सापडले. पट्टी उलटी केली. ठोकलेला नंबर मागच्या बाजूनं उठून आला होता, उलटा. बाईंनी आरसा धरला आणि एकेक आकडा वाचला. मालकांनी सांगितला तोच! तिथं माझी चिंच कधी पोचलीच नव्हती.

"आवं, कराडला तरी सांगायचं! चहा तरी गोड लागला असता!"

"तू तरी कुटं बोललीस?"

बाई हसल्या. पट्टीच्या कोपऱ्यात साचलेलं कुंकू मी पदरानं पुसायला गेले, तर बाईंनी हात धरला माझा. "आजी, असू दे. तेही त्याचंच आहे."

यंदा चैत्रात कुरडया घातल्या आणि सवयीनं भिंतीकडं बघितलं. नुसता खिळा. मालक म्हणाले, "मोबाइलवर बघ की." मोबाइल म्हणतो निरभ्र. माझा काय विश्वास बसेना. लावला सांगलीला फोन.

"आजी, काटा जरा चढलाय," बाई म्हणाल्या.

"सांगलीचं आभाळ साताऱ्याला कशाला येतंय?" मालक म्हणाले.

त्यांना बोलू दिलं आणि मी कुरडया आत घेतल्या.