आश्रयदाते पाहिजेत!

नाटक बसवायला आधी पाठांतर लागतं, असं लोकांना वाटतं. छे! आधी लागतो आश्रयदाता. बेळगावजवळच्या पिरनवाडीतल्या आमच्या हौशी मंडळात मी बारा वर्षं प्रॉम्प्टर आहे. नाटकातली वाक्यं प्रयोग संपला की विसरते, पण आश्रयासाठी हिंडताना ऐकलेली वाक्यं काही डोक्यातून जात नाहीत!

*

आमचे दिग्दर्शक मारुतीअण्णा. दिवसभर फौंड्रीत भट्टीसमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी तालमीत भट्टीपेक्षा जास्त तापायचं, असा माणूस. एकदा मला घेऊन ते एका हार्डवेअरवाल्याकडे गेले.

"आश्रयदात्यानं करायचं काय असतंय?" त्यानं विचारलं.

"पयल्या रांगेत बसायचं."

"आणि झोप लागली तर?"

"बाकीच्यांनी डोळं मिटलं की झोप. आश्रयदात्यानं मिटलं की चिंतन!"

चेकबुक लगेच बाहेर आलं. प्रयोगाला साहेबांनी तिन्ही अंक चिंतन केलं.

*

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, बाहुबलीअण्णा. त्यांचा आमच्यावर लई लोभ. एका वर्षी प्रेसवाल्यानं पत्रिकेत 'आश्रयदाते'च्या जागी 'आश्रित' छापलं आणि खाली यांचं नाव! माफी मागायला मीच गेले.

त्यांनी पत्रिका वाचली. मग बायकोच्या हातात दिली. वहिनी हसून हसून खाली बसल्या.

"लग्नाला तीस वर्षं झाली," बाहुबलीअण्णा म्हणाले, "कुणीतरी खरं छापलं बघा. ऱ्हाऊ दे तसंच!"

*

डोक्यावर छप्पर देणं हाही आश्रयच. तो सुशीलाआक्काचा. आक्का आमची नायिका, आणि तालीम तिच्याच पिठाच्या गिरणीत. तिथं घरी कन्नड बोलणारी एक आजी रोज तालमीच्या वेळेला डबा घेऊन यायची.

"आजी, रोज एवढं पीठ लागतंय?" आक्कानं शेवटी विचारलं.

आजीनं डबा उघडून दाखवला. रिकामा!

"पीठ नको गं. काल तुझा नवरा घर सोडून गेलता, तो आला का न्हाय तेवढं सांग!"

*

आणि मागच्या वर्षीचा हा किस्सा. बेळगावातल्या एका बड्या असामीनं आमच्यासाठी हॉल बुक केला होता. आठ दिवस उरले असताना त्यांचा निरोप आला : माझ्या भाच्याला नायक करा, न्हाईतर हॉल विसरा.

नायकाचं काम करणारा आमचा रिक्षावाला परशराम तिथंच उभा होता. चार महिने रिक्षा चालवताना त्यानं संवाद घोकले होते. मारुतीअण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि फोन लावला. "हॉल विसरलो, साहेब!"

मग देवळासमोरच्या मैदानात स्टेज उभं राहिलं. कुणी फळ्या दिल्या, कुणी लाऊडस्पीकर, बायकांनी साड्या जोडून पडदा शिवला. मैदान खचाखच भरलं, भिंतींवर माणसं! परशरामाच्या शेवटच्या प्रवेशाला टाळ्या थांबेनात, मी प्रॉम्प्टिंग सोडून रडत होते.

प्रयोग संपल्यावर बघते तर ते बडे साहेब गर्दीतून वाट काढत येतायत. तासभर उभं राहून नाटक बघितलेलं.

"पुढच्या प्रयोगाला आमचा काय उपयोग असंल तर सांगा," ते म्हणाले.

आक्का मेकअप पुसत होती. "हाय की. पडदा ओढायला माणूस पाहिजे."

"मग भाच्याला पाठवू?"

"भाचा कशाला? तुम्हीच या!"

दुसऱ्या प्रयोगाला पडदा अगदी वेळेवर उघडला.