साळवे सर मालक झाले

शाळेत हजेरीपट असतो, डेड स्टॉक रजिस्टर असतं, पण स्टाफरूममध्ये जे बोललं जातं त्याची नोंद कुणीच ठेवत नाही. ते माझ्या डोक्यात साठत गेलं. मी श्रीरामपूरच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. एकट्या साळवे सरांचंच इतकं साठलंय, की आता सांगून टाकलेलं बरं. हसा हवं तर. आम्हीही हसलो होतो, म्हणून तर आता जास्त लागतं.

साळवे सर आमचे पीटीचे. सगळा तालुका क्रिकेटमागे धावत असताना या माणसानं तीस वर्षं पोरापोरींना फुटबॉल शिकवला. रिटायर झाले तरी रोज मैदानावर हजर! गणिताच्या कुलथे सरांनी त्यांना मोबाईलवर एक ॲप दाखवलं. परदेशातल्या फुटबॉल क्लबचे शेअर घरबसल्या घेता येतात! तेही सर वर्षानुवर्षं ज्याचे सामने बघत होते, त्याच क्लबचे. कुलथ्यांनी थोडे घेतले, मी थोडे घेतले. सरांनी मात्र रिटायर होताना मिळालेल्या फंडातला मोठा हिस्सा घातला.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते छाती काढून. "आजपासून आपण मालक!"

आमचा शिपाई बबन जामखेडकडचा. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "मंग सर, तुमच्या मानसानं गोल चुकवला तर तुमाला त्याच्यावर वरडता येतं का?"

"टीव्हीपुढं येतं की!"

"ते तर मी फुकटात बी वरडतो!"

*

पहिल्या वर्षी डिव्हिडंड आला नाही. ईमेल आला. नफा झालाय, पण त्यातून नवे खेळाडू घेतलेत. दुसऱ्या वर्षी तोटा झाला. तो भरून काढायला म्हणे आणखी नवे खेळाडू!

कुलथे म्हणाले, "नफा झाला तरी खेळाडू, तोटा झाला तरी खेळाडू. हे गणित मला येत नाही बुवा."

सर चिडले. "अहो, टीम नको का उभी करायला? तुम्हाला खेळातलं काही कळत नाही."

"आणि तुम्हाला शेअरमधलं. जोडी छान आहे आपली!"

*

क्लबमधला एक डाव्या पायानं खेळणारा पोरगा सरांचा लाडका. त्याचा फोटो सरांच्या पाकिटात असायचा. एक दिवस क्लबनं त्याला भरमसाट किमतीला विकला आणि शेअर उसळला. कुलथे पेढे घेऊन आले.

"सर, तोंड गोड करा. भाव वाढला आपला!"

सरांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कशामुळं?"

कुलथ्यांनी सांगितलं. सर पेढा तोंडात धरून तसेच बसले. ना गिळता येईना, ना थुंकता येईना. शेवटी उठून बाहेर गेले.

*

बबनचा मेव्हणा श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याचा सभासद. बबन एकदा म्हणाला, "त्याला शेअरवर दिवाळीला स्वस्तात साखर भेटती. तुमचा क्लब यखांदा बॉल तरी दील का न्हाई?"

आम्ही खो खो हसलो. सर हसले नाहीत.

आठवड्याभरानं सर मैदानावर नवा कोरा बॉल घेऊन आले. त्यावर मार्करनं क्लबचं नाव लिहिलेलं. "क्लबनं पाठवला. शेअरवाल्यांना देतात." पोरी जाम खूश!

बबन हवा भरायला बॉल घेऊन गेला, तो आधी माझ्याकडं आला. हळूच म्हणाला, "सर, ह्याच्यावर मेड इन जालंधर लिव्हलंय. तुमी कुनाला बोलू नका."

*

क्लबची वार्षिक सभा ऑनलाइन होती. शेअरवाल्यांना प्रश्न पाठवता येत होता. सरांनी इंग्रजीच्या मॅडमकडून तपासून घेऊन एका ओळीचा प्रश्न पाठवला: डिव्हिडंड कधी देणार?

शाळा सुटल्यावर आम्ही सगळे कॉम्प्युटरपुढे बसलो. बऱ्याच वेळानं अध्यक्ष म्हणाले, "इंडियातल्या श्रीरॅमपूरहून मिस्टर सॅल्व्ही विचारतात..."

टाळ्याच टाळ्या! प्रश्न वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मिस्टर सॅल्व्हींच्या प्रेमाबद्दल क्लब त्यांचा ऋणी आहे." आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मी म्हटलं, "सर, उत्तर दिलंच नाही हो त्यांनी!"

"नाव तर घेतलं ना!" सरांचे डोळे भरून आले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी आणखी शेअर घेतले.

*

आता माझं सांगतो. भाव चढलेला असताना मी माझे शेअर गुपचूप विकून टाकले. सरांना बोललो नाही. मग भाव घसरायला लागला, तो घसरतच गेला. सर रोज माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "घाबरू नका. आपण दोघं धरून राहू." मी मान डोलवायचो.

एक दिवस कुलथे सरांसमोर बोलून गेले, की मी माझे केव्हाच विकलेत. सर माझ्याकडं वळले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून तुम्ही विकले असतेत का?"

"नसतेच विकले," सर म्हणाले. "पण मी रोज तुम्हाला धीर देत होतो हो!"

*

शेवटी एकदाचा क्लबनं कप जिंकला. रविवारची संध्याकाळ होती. सरांनी सगळ्यांना सामना बघायला घरी बोलावलं होतं. मलाही. भाव पार तळाला गेलेला, पण सर लहान पोरासारखे नाचत होते.

पलीकडं कॉटवर मार्थावहिनी, सरांच्या मंडळी, बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. भिंतीला धरून चालतात. सर रिटायर झाले की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. ते पैसे क्लबात गेले. घरात तो विषय कुणी काढत नाही.

टीव्हीवर खेळाडू कप उंचावून मैदानाला फेरी मारत होते.

"मार्था, बघ तरी, कसे पळतायत!" सर ओरडले.

वहिनींनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ पडद्याकडं बघितलं.

"बघतेय की," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यातला माझ्या गुडघ्यांवर पळतोय तो कोणता?"